तक्त्याचे वर्णन आणि मराठीचा वर्ग

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कनिष्ठ महाविद्यालयात माझ्या वर्गात असलेली एक विद्यार्थिनी घरी आली. ती आता नाशिकला एका रुग्णालयात परिचारिका आहे. सुटीत गावी, म्हणजे इथे प्रकाशाला, आली होती आणि सोबत एक वही घेऊन आली होती. इंग्लंडला नोकरीसाठी अर्ज करायचा, म्हणून ती आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. ब्रिटनच्या परिचारिका नियामक परिषदेने २०१८ साली या परीक्षेतील लेखनाची अट ७ वरून ६.५ वर आणली, तरी तिचे गाडे ६ वरच अडलेले होते. मी मराठीचा माणूस. मला इंग्रजी परीक्षेतले काय कळणार, असे म्हटल्यावर ती म्हणाली, "सर, इंग्रजी मला येतं. पण ह्या तक्त्यावर लिहायचं काय, तेच कळत नाही."

तक्ता साधा होता. चार देशांतील कुटुंबे अन्न, कपडे आणि करमणूक यांवर उत्पन्नाचा किती टक्के भाग खर्च करतात, याची बारा आकड्यांची चौकट. त्याखाली तिने दीडशेहून अधिक शब्द लिहिले होते. इंग्रजी खरोखरच स्वच्छ होते. पहिल्या वाक्याचा अर्थ असा : अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत. पुढे, आजच्या धकाधकीच्या जीवनात करमणुकीलाही महत्त्व आले आहे. शेवटी, प्रत्येकाने आपले उत्पन्न विचारपूर्वक खर्च करावे. चारपैकी एका देशाचे नाव कुठेतरी आले होते. बारांपैकी एकही आकडा आलेला नव्हता.

वाचता वाचता मला त्या वाक्यांची ओळख पटली. ती माझीच वाक्ये होती. निबंधाची सुरुवात भारदस्त विधानाने करावी, मध्ये काळाचा उल्लेख यावा आणि शेवट उपदेशाने व्हावा, हे मीच तिला शिकवले होते, आणि त्याबद्दल चांगले गुणही दिले होते. तिने ते इमानाने इंग्रजीत नेले आणि तिथे ते नापास झाले. तिला इंग्रजीच्या शिकवणीची गरज नव्हती. तिच्या मराठीत जी उणीव राहिली होती ती तिला भोवत होती, आणि त्या उणिवेत माझाही वाटा होता. हा लेख त्या जाणिवेतून लिहितो आहे.

आधी तो प्रश्न नीट पाहू. आयेल्ट्सची परीक्षा १९८९ सालापासून घेतली जाते. तिच्या शैक्षणिक प्रकारात लेखनासाठी एक तास असतो आणि दोन प्रश्न असतात. पहिल्यात एखादा तक्ता, आलेख किंवा आकृती देऊन किमान १५० शब्दांत तिचे वर्णन करायला सांगतात. त्यासाठी सुमारे २० मिनिटे द्यावीत, अशी सूचना असते. दुसरा प्रश्न किमान २५० शब्दांच्या निबंधाचा असून त्याला दुप्पट वजन आहे. पहिल्या प्रश्नाची अपेक्षा थोडक्यात अशी : तक्त्यातील मुख्य गोष्टी निवडा, त्या सांगा आणि आवश्यक तिथे तुलना करा. स्वतःचे मत द्यायचे नाही, कारणे तर्काने शोधायची नाहीत, उपदेश करायचा नाही. सगळे आकडे ओळीने उतरवले तरी गुण जातात, कारण मग निवड कुठे झाली? आणि आकडे गाळून गोलगोल लिहिले तरी जातात.

साहित्याच्या प्राध्यापकाला हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुद्र वाटतो. मलाही वाटला होता. यात कल्पना नाही, अनुभव नाही, शैली नाही. कारकुनी आहे, असे मी तिला म्हणालोही. पण त्या संध्याकाळी तिच्यासोबत बसून मी तोच तक्ता मराठीत मांडून पाहायचे ठरवले, आणि माझी चांगलीच फजिती झाली. बारा आकड्यांतील मुख्य आकडा कोणता? तुलना आडवी करायची की उभी, म्हणजे देशांची करायची की खर्चाच्या बाबींची? सर्वांत मोठा आकडा आधी सांगायचा, की जो आकडा बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही तो? वीस मिनिटांत मला चार धड वाक्ये जमली नाहीत. पंचवीस वर्षे मराठी लिहिणाऱ्या माणसाला बारा आकडे सरळ सांगता येऊ नयेत, ही गोष्ट मला लागली.

हा प्रश्न परदेशी जाणाऱ्यांपुरताच आहे, असेही नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत तक्ता, आलेख किंवा आकृती पाहून परिच्छेद लिहिण्याचा प्रकार आहे. म्हणजे तोरणमाळच्या पायथ्याशी शिकणारा मुलगाही दहावीत हा प्रश्न सोडवतो, पण इंग्रजीत. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक निबंध असे प्रकार रुळले आहेत. तक्ते मराठीतही आहेत. कृतिपत्रिका आल्यापासून चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध पूर्ण करा, हे सारखे चाललेले असते. पण तो प्रवास उताऱ्याकडून चौकटीकडे जातो. चौकटीकडून गद्याकडे यायचे शिक्षण आपण इंग्रजीवर सोपवून मोकळे झालो आहोत. इथल्या कित्येक मुलांची घरची बोली भिली, पावरी, अहिराणी किंवा गुजरी. मराठी ही त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. जे कौशल्य दुसऱ्या भाषेत कधी मागितले नाही, ते आपण तिसरीत मागतो, आणि जमले नाही की म्हणतो, मुलांचे इंग्रजी कच्चे आहे.

पुढच्या आठवड्यात मी तृतीय वर्ष कला शाखेच्या मराठीच्या वर्गात एक तक्ता फळ्यावर लिहिला. आकडे २०११ च्या जनगणनेतले, एका बाजूला नंदुरबार जिल्हा आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र.

साक्षरता, टक्के : नंदुरबार ६४.३८, महाराष्ट्र ८२.३४.
दर हजार पुरुषांमागे स्त्रिया : नंदुरबार ९७८, महाराष्ट्र ९२९.
दर चौरस किलोमीटरला लोकसंख्या : नंदुरबार २७७, महाराष्ट्र ३६५.
अनुसूचित जमातींचे प्रमाण, टक्के : नंदुरबार ६९.२८, महाराष्ट्र ९.३५.

सूचना एवढीच की या तक्त्याचे मराठीत वर्णन करा, मत देऊ नका. वर्गात तीसेक मुले होती. निम्म्याहून अधिक उत्तरांचे पहिले वाक्य होते : नंदुरबार हा एक मागास जिल्हा आहे. मागास हा शब्द फळ्यावर कुठेच नव्हता. तो मुलांच्या मनात आधीपासून होता, कारण वर्तमानपत्रांनी, भाषणांनी आणि आम्ही शिक्षकांनी तो तिथे ठेवला होता. पहिल्या ओळीत त्याला आधार मिळाल्यावर दुसऱ्या ओळीकडे पाहण्याची गरजच कुणाला वाटली नाही. ९७८ आणि ९२९ यांची तुलना केली फक्त पाच-सहा जणांनी. त्यांतल्या धडगावकडच्या एका मुलीने लिहिले होते की साक्षरतेत जिल्हा राज्याच्या मागे होता, पण हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या इथे राज्याहून ४९ ने जास्त होती. या एका वाक्यासाठी मी तो तास वसूल झाला असे मानले.

या तक्त्यातून आदिवासी समाजात स्त्रीला मान आहे, असा गौरवाचा निबंध काढणेही तितकेच उथळ ठरेल. म्हणून मी पाचवी ओळ वाढवली. त्याच जनगणनेत जिल्ह्यातील पुरुषांची साक्षरता ७२.१७ टक्के आणि स्त्रियांची ५६.४७ टक्के होती. राज्यात हेच आकडे ८८.३८ आणि ७५.८७ होते. म्हणजे स्त्री-पुरुषांतील अंतर जिल्ह्यात सुमारे १५.७ अंकांचे आणि राज्यात सुमारे १२.५ अंकांचे. आता दुसरी ओळ आणि पाचवी ओळ एकाच परिच्छेदात आणायची आणि कुठलीही दडवायची नाही. वर्ग गप्प झाला. मागासपणाचा निबंध या परिच्छेदात बसेना आणि अभिमानाचाही बसेना. त्या मुलांनी आपल्या जिल्ह्याकडे कदाचित पहिल्यांदाच तयार मताविना पाहिले असेल.

तक्त्याच्या वर्णनात भाषेचे काम किती बारीक असते, तेही त्या तासाला दिसले. पहिली गोष्ट काळाची. जवळजवळ सर्वांनी लिहिले की नंदुरबारची साक्षरता ६४.३८ टक्के 'आहे'. ती २०११ साली होती. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, त्यामुळे हा जुना आकडा वर्षानुवर्षे वर्तमानकाळात वापरला गेला. 'आहे' आणि 'होती' यांतला फरक इथे व्याकरणापुरता राहत नाही. २०११ साली जी मुलगी पाचवीत होती, ती आज पदवीधर आई असू शकते. 'आहे' म्हणताच ती हिशेबातून निघून जाते. दुसरी गोष्ट टक्क्यांची. जिल्ह्याची साक्षरता राज्याहून अठरा टक्क्यांनी कमी, असे आपण सहज म्हणतो. खरे तर फरक अठरा अंकांचा आहे. टक्क्यांत मोजायचे तर ८२.३४ च्या मानाने ती सुमारे २२ टक्क्यांनी कमी ठरते. हे दोन फरक वेगळे सांगण्यासाठी 'टक्केबिंदू' हा शब्द मराठीत आहे, पण मराठीच्या वर्गात तो कधी उच्चारला जात नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २७७ आणि ३६५ यांची तुलना मराठीत कशी सांगाल, असे विचारल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पाऊणपट, सर." अगदी बरोबर. भागाकार केला तर ०.७६ येतात. पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच अशी प्रमाणे सांगणारी सुटसुटीत शब्दांची रांगच आपल्याजवळ आहे. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. त्या पाढ्यांची सक्ती गेली हे ठीकच झाले, पण प्रमाणाचा तो कान मात्र भाषेत उरला आहे. बाजारात भाव करताना तो रोज चालतो. लिहायला बसलो की मात्र आपण तो बाहेर काढून ठेवतो आणि 'लक्षणीय', 'प्रचंड', 'अत्यल्प' असली विशेषणे वापरतो. दर दहांत सात माणसे अनुसूचित जमातींची, हे वाक्य 'आदिवासीबहुल' या शब्दापेक्षा जास्त सांगते आणि कुणालाही कळते.

या प्रश्नाविरुद्ध दोन आक्षेप मला गंभीर वाटतात. पहिला असा की तक्ता हे राज्यकर्त्यांचे गद्य आहे. हे खोटे नाही. १८८० साली निघालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरमध्ये आमच्या या मुलखाची जमीन, पिके, जाती-जमाती सारे रकान्यांत मांडले गेले, ते वसुलीच्या आणि बंदोबस्ताच्या सोयीसाठी. स्वातंत्र्यानंतरही मोजणारे बाहेरचे आणि मोजले जाणारे आम्ही, हे नाते फारसे बदलले नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यातील टेंभली गावात वाटले गेले. बारा आकडी क्रमांकाची सुरुवात आमच्यापासून झाली. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे गेली, तेव्हाही पुनर्वसनाचा झगडा पुष्कळसा यादीचाच होता. कोण घोषित प्रकल्पग्रस्त आणि कोण अघोषित, कुणाचे नाव रकान्यात आले आणि कुणाचे सुटले, यावर कुटुंबांची जमीन ठरत होती.

हा इतिहास मला उलट्या निष्कर्षाकडे नेतो. ज्यांचे भवितव्य रकान्यांत ठरते, त्यांना रकाना वाचता आणि सांगता आलाच पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली वरिष्ठ कायदे मंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, तेव्हा सरकारचेच आकडे हाती घेऊन त्यांनी दाखवले की शिलकी अंदाजपत्रक म्हणजे लोकांची सुबत्ता नव्हे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या माणसाला ते साधले. राज्यकर्त्यांचा तक्ता त्यांच्यावरच उलटवण्यासाठी आधी तो सरळ वाचावा लागतो. आमच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी उद्या कुणी ग्रामसभेत यादी वाचेल, कुणी माहितीच्या अधिकारात मिळालेला कागद समजून घेईल. त्या वेळी त्यांना इंग्रजीत दीडशे शब्द लिहायचे नसतील. मराठीत, किंवा पावरीत, चार वाक्ये नीट सांगायची असतील.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो. मत बाजूला ठेवून लिहायला शिकवणे म्हणजे मुलांना निर्विकार बनवणे नाही का? त्यातून शिकवणी वर्गांनी या प्रश्नाचे साचे केले आहेत. ठरावीक सुरुवात, ठरावीक जोडशब्द, मध्ये आकडे भरायचे. हा धोका खरा आहे, पण साच्यांचा रोग आपल्या निबंधालाही जुनाच आहे, तेव्हा त्यावरून या प्रश्नाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. मत बाजूला ठेवण्याविषयी मात्र मी माझे जुने म्हणणे बदलले आहे.

आमच्या गावाचेच उदाहरण घेतो. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशा हे दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते आणि केदारेश्वराच्या दर्शनाला लांबून माणसे येतात. गावाच्या प्राचीनतेविषयी कितीही भक्तिभावाने बोलता येईल. १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथले टेकाड खणले आणि पुढे 'एन्शंट इंडिया'च्या २०-२१ या जोडअंकात त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाण काळापासूनचे चार कालखंड त्यात वेगळे केलेले आहेत, आणि पहिल्या व दुसऱ्या कालखंडांच्या मध्ये वस्तीत खंड पडल्याचेही नोंदले आहे. कोणत्या थरात कोणत्या प्रकारची खापरे मिळाली आणि कोणत्या थरात मिळाली नाहीत, एवढेच आधी सांगायचे आणि मग त्यावरून अनुमान करायचे, अशी या शास्त्राची शिस्त. गाव अखंड नांदत आले, असे म्हणायला आम्हा गावकऱ्यांना आवडले असते. थरांनी तसे म्हणू दिले नाही. गावाचे मोठेपण त्याने कमी झाले असे मला वाटत नाही.

हीच शिस्त समीक्षेलाही लागते, आणि आपल्या विद्यार्थ्यांत ती नेमकी नसते. बहिणाबाई चौधरी यांच्यावर उत्तर लिहिताना दहांतली नऊ मुले लिहितात की भाषा साधी, सोपी आणि हृदयाला भिडणारी आहे. कुठला शब्द साधा, तो लेवा गणबोलीत कसा येतो, प्रतिमा शेतातल्या कोणत्या कामातून उचलली आहे, एकाच रचनेची पुनरावृत्ती किती वेळा होते, हे कुणी सांगत नाही. म्हणजे मत आधी येते आणि कविता नंतर, बहुधा येतच नाही. बारा आकड्यांचा तक्ता समोर असताना अन्न-वस्त्र-निवारा लिहिणारी लेखणी आणि कविता समोर असताना 'हृदयाला भिडणारी' लिहिणारी लेखणी, या दोन नाहीत. समोर काय आहे ते आधी सांगण्याची सवय दोन्हीकडे लागलेली नाही. वर्णनाची पायरी चढून आलेल्या मताला वजन असते, आणि मत नको, असे साहित्याचा शिक्षक कधीच म्हणणार नाही.

इथेच मला त्या इंग्रजी परीक्षेचीही मर्यादा दिसते. ती वर्णनापाशी थांबते. परीक्षा म्हणून ते ठीक आहे, कारण तिला भाषेचे मोजमाप करायचे आहे. पण शिक्षणाने तिथे थांबता कामा नये. साक्षरतेतील अठरा अंकांचे अंतर कशामुळे, हा प्रश्न त्या १५० शब्दांत बसत नसला तरी आमच्या वर्गात तो बसलाच पाहिजे. शाळेपर्यंतची वाट, ऊसतोडीचे स्थलांतर, घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतले अंतर, हे सारे त्या आकड्यामागे उभे आहे आणि ते तक्त्यात लिहिलेले नसते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत, निदान पदवीच्या अंतर्गत मूल्यमापनात, तक्त्यावरचा एक प्रश्न असावा. त्याची दोन परिच्छेदांत विभागणी व्हावी. पहिल्यात तक्त्यात आहे तेवढेच सांगावे, निवडून आणि तुलना करून, एकही विशेषण आधाराविना न वापरता. दुसऱ्यात विद्यार्थ्याने आपले मत, आपला अनुभव, आपली शंका मांडावी, आणि ती पहिल्या परिच्छेदाशी जोडून दाखवावी. गुण दोन्हींना सारखे असावेत. तक्ते दूरदेशीचे नकोत. तालुक्याचा पाऊस, पपईचे आणि मिरचीचे भाव, गावच्या शाळेची पटसंख्या, ग्रामपंचायतीचा जमाखर्च, असे पुष्कळ तक्ते आपल्या अवतीभवती पडलेले आहेत. यासाठी अभ्यासमंडळाच्या ठरावाची वाट पाहण्याचेही कारण नाही. एक फळा आणि एक तास पुरतो.

त्या विद्यार्थिनीने महिन्याभराने नवा परिच्छेद मला पाठवला. त्यात अन्न-वस्त्र-निवारा नव्हते. चारही देशांत अन्नावरचा खर्च सर्वाधिक होता, पण त्यांतल्या एका देशात करमणुकीवरचा खर्च कपड्यांवरच्या खर्चाच्या दीडपट होता, असे तिने पहिल्याच दोन वाक्यांत म्हटले होते. इंग्रजीत दीडपटला सुटसुटीत शब्द सापडेना, म्हणून तिला अख्खा शब्दसमूह लिहावा लागला, अशी तक्रारही तिने खाली मराठीत केली होती. परीक्षा अजून व्हायची आहे. माझ्या वर्गात मात्र या सत्रापासून निबंधाच्या आधी तक्ता येतो.